लिंबाच्या पानावर आज कोणी धावलं नाही

आज सकाळी सात वाजता मी भिंग घेऊन लिंबाची पानं उलटून पाहत होतो.

बाबांना आता नीट दिसत नाही. पानाचा रस शोषणारे लाल कोळी आणि त्यांना खाणारे मित्रकोळी कसे ओळखायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. "बसते तो चोर, धावते तो आपला." मित्रकोळी जगावेत म्हणून त्यांनी बागेत विष कधी येऊ दिलं नाही. रोज विचारतात, "धावून राह्यले का रे?"

पानं पिवळी पडली, म्हणून परवा मी गंधक असलेलं टॉनिक फवारलं. टॉनिक म्हणजे झाडाचा खुराक, एवढंच मला माहीत होतं.

आज काही चोर उरलेले दिसले. धावणारा एकही नाही. दुकानदाराला फोन केला, तर तो हसला. "गंधक कोळ्याले मारतेच भाऊ. त्याले आपला-परका काय समजते?"

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टॉनिकनं कोनी मरते का बाप्पा? नीट पाय."

पुन्हा पाहिलं. नव्हतेच.

आलापल्लीच्या आसपास कोणाच्या न फवारलेल्या लिंबावर मित्रकोळी असतील, तर पानांची एक फांदी द्याल का? उद्या सकाळी बाबा पुन्हा विचारतील.