दोरवाला आणि बुडालेल्या घंटा

पडदा वर गेला, की आधी समुद्र दिसावा. मग पडक्या चर्चच्या, काळ्या दगडाच्या चार भिंती. छप्पर नाही, वेदीच्या जागी कमरेएवढं गवत. उजव्या हाताला मनोरा, माथ्यावर दोन रिकाम्या कमानी. आणि एवढ्या भव्य नेपथ्याच्या पायथ्याशी, चहाच्या पत्र्याच्या टपरीसमोर, डगमगत्या खुर्चीत आमचा नायक, पाय पसरून, कपाळाला आठ्या घालून.

त्याला सगळे दोरवाला म्हणत. उभी हयात बंदरात जहाजांवरचा माल दोराने बांधून उतरवण्यात गेली. एका वादळात चर्चचं छप्पर उडालं, तेव्हा मनोऱ्यातल्या दोन्ही घंटा खाली आणायला त्यालाच बोलावलं. त्याने वर कप्पी बसवली, दोर घासू नये म्हणून कडांवर पोती अंथरली, घंटांचे लोलक बायकोच्या जुन्या शालींनी करकचून बांधले आणि दोघींना इतकं अलगद उतरवलं, की खाली दाणे टिपणारी कबुतरंही उडाली नाहीत. कबुतरांचा तपशील त्याचा. मी नाटकात आयुष्य काढलंय, असल्या कबुतरांना मी हरकत घेत नाही.

घंटा गाडीत घालून गावातल्या नव्या चर्चमध्ये नेल्या. आजही तिथे वाजतात.

पण यावर चहा कसा खपणार? टपरी सुनेची होती आणि सून हुशार. पडकं चर्च बघायला आलेल्यांना ती आवाज खाली आणून सांगायची, "भर वादळात घंटा उतरवत होते. दोर तुटला! दोघी गडगडत समुद्रात गेल्या. लाटा खवळल्या, की अजून पाण्याखालून आवाज येतो."

माणसं शहारत. दुसरा चहा मागवणार, तोच खुर्चीतून गर्जना होई.

"कुणाचा दोर तुटला?"

"मामंजी, गोष्ट आहे ती."

"गोष्टीतला दोर माझाच ना? का तुझा बाप चढला होता वर?"

"तुमचं नाव तरी घेतलं का मी?"

"घ्यायला कशाला हवं? अख्ख्या बंदराला ठाऊक आहे!"

गिऱ्हाइकं अर्धा कप ठेवून काढता पाय घेत. सून कपाळावर हात मारी. "घंटांच्या जिभा बांधल्यात, तेव्हा स्वतःचीही बांधून घ्यायची होती."

मी टपरीवरचं रोजचं गिऱ्हाईक. मध्यस्थी केली. "अहो, या दंतकथेने तुम्ही अमर व्हाल."

"दोर तोडून अमर? त्यापेक्षा वेळेवर मेलेलं बरं."

मग एके दिवशी बंदरावरच्या नव्या हमालाने सहज विचारलं, "काका, घंटा पाडल्या ते तुम्हीच ना?" दोरवाला ओरडला नाही. घरी गेला आणि टपरीवर यायचाच बंद झाला. जेवायला बसे, दोन घास खाऊन उठे. सून माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भांडणारे मामंजी परवडले हो. हे गप्प बसणारे नाही सोसवत."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला जवळजवळ ओढतच आणून खुर्चीत बसवलं. समोर पाहुण्यांचा घोळका होता.

"दोराला काही झालं नाही," सूनबाईंनी सुरुवात केली. "माणूसच तसा होता. घंटा फुलासारख्या खाली आल्या. मग होडीत ठेवल्या. पण होडीवाला होता आमच्या मामंजींचा साडू. भर समुद्रात त्याने होडी उलटवली!"

हा साडू खरोखरच होडीवाला होता, पण घंटांच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नव्हता. लग्नाच्या मांडवातच दोघा साडवांचं बिनसलं होतं, ते साडू वारेपर्यंत जुळलं नाही.

पाहुणे दोरवाल्याकडे वळले. "खरंच का हो आजोबा?"

त्याने सुनेकडे पाहिलं. खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला.

"अगदी खरं. मी काठावरून घसा फोडून सांगत होतो त्याला, अरे, बूड टेकव, होडीत उभा राहू नकोस!"