खंडेनवमीची फ्लॉपी

“तू बाहेर थांब. पूजा होऊ दे.”

मॅनेजर असं म्हणाला आणि मी कम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. द्वारका चौकातलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. वर्षभर ती मशीन मीच चालवायची, ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, मीच काढायची. तेव्हा माझा हात चालायचा. खंडेनवमीला मात्र मी बौद्ध असल्याची सगळ्यांना आठवण झाली. तरी मी थांबले. मॅनेजर दिवाळीनंतर पर्मनंट करतो म्हणाला होता, आणि घरची चूल माझ्याच पगारावर पेटत होती.

मशीनला हार घातला. माझ्या खुर्चीवर नारळ ठेवला. मॅनेजरच्या जावयानं फ्लॉपीलाही कुंकू लावलं. ओलं. नेमकं तिच्या उघड्या फटीत. त्या फ्लॉपीत डॉस होतं, ते वाचल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. मी दारातून म्हटलं, “अहो, तिथं नको.” कोण ऐकतंय.

बटण दाबलं. नुसती घरघर. पडद्यावर एकच ओळ, सिस्टिमची फ्लॉपी घाला. काढली, घातली, पुन्हा तेच. बाहेर ड्रायव्हर बिल्टीसाठी ओरडायला लागले.

“हिचीच नजर लागली,” जावई म्हणाला.

मॅनेजर माझ्याकडे वळला. “तिथूनच सांग काय करायचं ते. हा करेल.”

तिथूनच. माझं डोकंच फिरलं.

“आत येऊन करीन. नाहीतर नाही.”

“पर्मनंट व्हायचंय ना तुला?”

“व्हायचंय. खुर्चीवर बसून.”

बाहेर हॉर्नवर हॉर्न. शेवटी मॅनेजर दारातून सरकला. मी नारळ उचलून खाली ठेवला आणि बसले. झाकण काढून ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागलेलं कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. पर्समध्ये माझी स्वतःची डॉसची फ्लॉपी होती, क्लासला असताना घेतलेली. ती घातली. मशीन सुरू झाली.

मागे मॅनेजर शिपायाला हळूच म्हणाला, “ती उठली की खुर्ची पुसून घे. तांब्यात गोमूत्र आहे.”

मी बटण बंद केलं. माझी फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली. उठले.

“घ्या, पुसा,” म्हटलं.

नोकरी गेली. आई रडली, मीही रडले. परत मात्र गेले नाही. तेव्हापासून कुठंही कामाला लागताना आधी एवढंच विचारते, खंडेनवमीला मी कुठं बसणार? उंबऱ्याबाहेर म्हणाल, तर माझे हातही उंबऱ्याबाहेरच राहतील.