सव्वा महिना

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, तलावाच्या पाळीवर बसून दोन घोट पोटात गेल्यावरही नाही — आणि तेव्हा माणूस काय काय बोलून जातो, तुम्हाला माहीतच आहे. मग आता का? तेही नीट सांगता येत नाही. पोटात राहत नाही, एवढंच.

माझी मुलगी सोनी आंधळी आहे. तिच्या पायांत जोर नाही, बसवलं तर मान भिंतीला टेकवून ठेवावी लागते, झटक्यांच्या गोळ्या चुरून चमच्याने द्याव्या लागतात. तिच्या बरोबरीच्या पोरी सायकलवरून शाळेत जातात आणि ही अजून वरणात कालवलेला मऊ भात खाते, तोही नीट गिळला गेला तर. सातव्या महिन्यात झाली. पाय, मान, झटके — हे सगळं ती जन्माबरोबर घेऊन आली, त्यात कोणाचा हात नाही. पण डोळे? डोळे वाचवता आले असते.

साकोलीच्या पलीकडे तलावाकाठी आमची मासेमार ढिवरांची वस्ती आहे. सोनी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा माझी बायको ललिता तिच्याजवळ राहायची, मी ये-जा करायचो. सुट्टी मिळाली त्या दिवशी ललिता आत लेकराला गुंडाळत होती आणि डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी गाठलं. पेटीत ऑक्सिजनवर राहिलेल्या लेकरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो, म्हणाल्या. महिना व्हायच्या आत नागपूरला दाखवा, वेळेत दाखवलं तर इलाज आहे, उशीर झाला तर नाही. समजलं ना, असंही विचारलं. मी म्हणालो, समजलं. आणि समजलं होतं हो! अडाणी होतो म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

घरी आलो. ललिताची आई बाळंतपण करायला अड्याळहून आली होती. मी तिला मामी म्हणायचो. उंबऱ्यावर तिने लेकरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, आता सव्वा महिना माय-लेकरू घराबाहेर जाणार नाही. सगळ्या घरांत म्हणतात तसंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तेव्हाच सांगायला काय झालं होतं मला? सांगू, सांगू म्हणत राहिलो.

त्याच आठवड्यात तलावात महाजाल पडणार होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आख्खी वस्ती मिळून ते मोठं जाळं ओढते. त्याचं पहिलं टोक धरून पाण्यात उतरायचा मान आमच्या घराचा. बाप धरायचा. बाप गेल्यावर पहिल्यांदाच ते टोक माझ्या हातात येणार होतं, आणि मी नसतो तर चुलतभाऊ टपलेलाच होता. जाळं निघालं की जाऊ नागपूरला, असं मी ठरवलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो — जाळ्यापायी राहून गेलं.

पण तेही खोटंच. जाळं निघालं, मासळी वाटून झाली. त्यानंतर मी का गेलो नाही?

मला वाटत होतं, ही जगणार नाही. ओंजळीत मावेल एवढं लेकरू, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. तिला बसमधून न्यायचं, बाया तोंडाला पदर लावून बघणार, काय झालं हिला म्हणून विचारणार — त्याची लाज वाटत होती. आणि जी चार दिवसांची पाहुणी आहे, तिचे डोळे दाखवून काय करायचं? हा विचार मी केला. बापाने. अंगणात जाळं सांधत बसून, शांत डोक्याने केला.

तेव्हाच मामी समोर येऊन उभी राहिली. जावयासमोर ती नेहमी पदर पुढे ओढून, अर्धं तोंड झाकून यायची. म्हणाली, "जवाईबापू, डॉक्टरनं लेकराले परत बलावलं हाये का? बलावलं असन त सव्वा महिना राहू द्या बाजूले. मी कायले अडवीन? लेकरू पयले."

मी मान वर न करता म्हणालो, "नाही बलावलं, मामी."

सोनी मात्र जगली. दूध ओढायला लागली, बाळसं नाही पण थोडं अंग धरलं. सव्वा महिना झाला, वर आणखी दिवस गेले, आणि ती दिव्याकडे बघेना. तेव्हा ललितानेच हट्ट धरला आणि आम्ही नागपूरला गेलो, मामीही बरोबर. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि तो खवळला. पडदा सुटलाय, आता काही होणार नाही, महिन्याच्या आत का नाही आणलं? कोणी सांगितलं नव्हतं का?

ललिता माझ्याकडे बघायला लागली. मी बोलून गेलो — छे, बोलून गेलो कसलं, विचार करून बोललो. सांगितलं होतं साहेब, मी मामींच्या कानावर घातलं होतं, पण सव्वा महिना झाल्याशिवाय लेकरू बाहेर काढू देत नाहीत ना. ललिता ओली बाळंतीण, तिला घाबरवू नका, असंही मामीच म्हणाल्या.

डॉक्टर मामीवर बरसला. मामीने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, अंगणातला माझा 'नाही' सुद्धा. पण जावयाला चारचौघांत खोटं पाडायची रीत तिच्याकडे नव्हती, आणि तिच्या लेकीला असं लेकरू घेऊन याच माणसाजवळ जन्म काढायचा होता. तिने पदर पुढे ओढला. म्हणाली, "हो, मीच म्हटलं होतं."

ती तोंड उघडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तिचं नाव घेतलं. दुसरं कोणी असतं तर धजावलो असतो का?

तेव्हापासून ललिता आईशी धड बोलली नाही. मामी सणाला यायची, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी सोनीसाठी शिवून आणायची. ललिता ती आईच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यात टाकायची. एकदा मामी सोनीला उचलायला वाकली तर ललिता ओरडली, "तू हात नको लावू तिले!" म्हातारी ओसरीत बसायची, आतून सोनीचा आवाज आला की तिकडे कान करायची, आणि बसने परत जायची. तिला स्टँडवर सोडायला मी जायचो. चांगला जावई ना मी! वाटेत ती त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मला राग यायचा — हो, तिचाच. ती मला एक शिवी का देत नाही, याचा.

सोनी मला वासाने ओळखते. तलावावरून आलो की अंगाला मासळीचा वास असतो; तो आला की मान हलवत हसते. घरात दुसऱ्या कोणासाठी ती तशी हसत नाही. मी आधी अंघोळीला निघालो, तर ललिता म्हणते, "तसेच या ना, तिले आवडते."

गेल्या हिवाळ्यात मामीला अन्न जाईना, तेव्हा ललिता सोनीला घेऊन अड्याळला गेली. मीही गेलो. सेवेला नाही — मरताना माणूस बोलून जातो, म्हणून गेलो. माय-लेकींना मी एकटं सोडलं नाही. पाणी पाजायला मी, कूस वळवायला मी. शेजारच्या बाया म्हणत होत्या, जवाई असावा त असा.

शेवटी मामीने ललिताचा हात धरला. "माह्यानं चुकलं, बाई. मले माफ कर." ललिताने हात सोडवून घेतला आणि तोंड फिरवलं. मग मामीने माझ्याकडे पाहिलं. पदर मागे पडला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं सगळं तोंड मला दिसलं. ती वाट बघत होती. कशाची, ते मला कळत होतं. घरात आम्हीच होतो, आणि एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या मामी. मी माफ केलं तुमाले."

तिने डोळे मिटले, ते पुन्हा माझ्याकडे बघायला उघडले नाहीत. ललिता आजही बायकांना सांगते, माझ्या आईला यांनी माफ केलं, मला नाही जमलं.