नेलपॉलिशची रेघ

काल लेकीनं नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला वडशातलं दौलतभाऊंचं गॅरेज आठवलं.

मे महिन्याची दुपार होती. माझ्या जुन्या गाडीच्या एसीची नळी बसवून दौलतभाऊ तिचा बोल्ट आवळत होते. ठरलेला जोर लागताच त्यांचा पाना 'टक्' वाजला, तसे ते तिथंच थांबले, आणि त्यांनी बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

"भाऊ, ढिला राहिला ना?"

"नाई बाई. ॲल्युमिनिअम आहे. जास्त आवळलं तं आटे जाते."

मला पटलं नाही. आज ढिला ठेवायचा आणि गॅस गेला की पुन्हा बोलवायचं, असाच धंदा असणार. ते चहा सांगायला गेले तशी मी दुसरा पाना उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून तो बोल्ट आणखी पिळला.

चौथ्या दिवशी गार हवा बंद झाली. मी गॅरेजात जाऊन चार लोकांसमोर त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी वाकून बोल्टकडे बराच वेळ पाहिलं. लाल रेघ मधोमध तुटून सरकली होती. बोल्टला कुणी हात लावला तर कळावं म्हणून ती असते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

"माह्याच हातून चुकलं असंन, बाई," एवढंच ते म्हणाले. नवे आटे पाडून त्यांनी बोल्ट बसवला, नवी रेघ ओढली आणि चहा सांगायला निघण्याआधी सगळे पाने उचलून उंच खुंटीला टांगले.

मला चोर समजतात की काय, म्हणून मी तो चहासुद्धा घेतला नव्हता.