एक नंबर मोठे हातमोजे

"आई, ब्रेक लागत नाहीये!" मुलगा ओरडला. समोर म्हैस उभी होती, सगळा रस्ता अडवून. धुक्यात मला ती आधी भिंतच वाटली. मग भिंतीने शेपटी हलवली.

"पायाचा दाब!" मागच्या सीटवरून मीही ओरडले.

त्याने दाबला. गाडी मागून नाचली, म्हशीच्या शेपटीला चाटून गेली आणि रस्त्याकडेच्या पेंढ्याच्या ढिगात घुसली. आम्हीही घुसलो.

शहाडचा पूल ओलांडून आम्ही मुरबाडकडे निघालो होतो, माझ्या बहिणीकडे, तिच्या नातीच्या बारशाला. मागच्या थंडीत याच रस्त्यावर मुलाची बोटं आखडली होती आणि त्याला ब्रेक धड दाबता येत नव्हता. म्हणून तर कल्याणच्या बाजारातून हे जाड अस्तराचे हातमोजे घेतले होते.

दुकानात त्याने मापाचा जोड घातला. मी म्हटलं, एक नंबर मोठा घे. आमच्या घरात सगळं तसंच घेतात. त्याच्या लग्नाचा कोटही तसाच घेतला होता. फोटोत त्याचे पंजे दिसत नाहीत.

"आई, माझं वय सत्तेचाळीस. आता हात कुठे वाढणार?"

"पोट नाही का वाढलं?"

दुकानदार तोंड फिरवून हसला.

"आणि आतून लोकरीचे घालता येतील," मी म्हटलं. मोठा जोड घेतला. लोकरीचे हातमोजे बारशाला निघताना घरीच राहिले.

पेंढ्यातून बाहेर आल्यावर त्याने हात माझ्या नाकासमोर धरला. "बघ. माझं बोट इथे संपतं. हातमोजा इथे. मधलं रिकामं टोक ब्रेकच्या दांडीमागे दुमडून अडकलं. दांडी दबणार कशी?"

"मग टोकात कापूस भर. लहानपणी तुझ्या बुटात भरायचे तसा."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हैसही बघत होती. मग त्याने हातमोजे काढून माझ्या पिशवीत कोंबले, बाळाच्या कुंचीवर, आणि उघड्या हातांनी गाडी हळूहळू नेली. मध्ये मध्ये थांबून हातांवर फुंकर मारायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं. बहीण म्हणाली, "अगं, केसांत पेंढा कसला?" मी म्हटलं, आधी चहा दे.

दुसऱ्या दिवशी तो मापाचे हातमोजे घ्यायला गेला. मला दुकानाबाहेर उभं केलं. बोटांना घट्ट बसतात आणि ऊबही भरपूर आहे, असं म्हणतो. मोठे मी कपाटात ठेवलेत. नातवाच्या पंजाला लावून बघितले, अजून सैल आहेत. होतील.

म्हैस वाचली. मुलगा वाचला. मी वाचले.