तीन इंचांचा जादा हप्ता

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मुरुमच्या आमच्या घरात तीन हजार तीनशे पन्नास रुपयांचा विषय निघाला. हजर माणसं चार. मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि सणासाठी माकणीहून आलेल्या सासूबाई.

मेहुणा आरोग्य विम्याचं काम करतो. दोघांचा मिळून वर्षाचा हप्ता त्यानं आधीच सांगितला होता. माझा पंधरा हजार दोनशे, बायकोचा तेरा हजार चारशे, एकूण अठ्ठावीस हजार सहाशे. मी पंचवीस वर्षं आडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळं पैसे मोजून पाकिटात घालून ठेवले होते. दोघांची वजनंही मी शनिवारीच आडतीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून आणली होती. माझं बासष्ट किलो, तिचं चौऱ्याहत्तर.

"अक्का, उंची किती टाकू?" मेहुण्यानं मोबाइलवर बोट ठेवून विचारलं.

"पाच फूट. लग्नात तेवढीच सांगितली हुती."

"आन् दाजी, तुमची?"

"पाच आठ," मी म्हणालो.

त्यानं आकडे भरले. माझ्या नावापुढं हिरवा ठिपका आला, तिच्या नावापुढं लाल. मेहुण्याचा चेहरा जरा उतरला. आधी त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सासूबाईंकडं, आणि शेवटी नाइलाजानं बहिणीकडं.

"अक्का, तुझा बीएमआय एकतीस पूर्णांक नऊ आलाय. तीसच्या वर गेलं की कंपनी लठ्ठ धरती. तुझ्या हप्त्यावर पंचवीस टक्के जादा पडतील."

"मंजे किती?"

"तीन हजार तीनशे पन्नास," मीच सांगितलं. हिशेब माझ्या डोक्यात होऊन गेला होता.

हा बीएमआय काय असतो ते मी त्याच्याकडून तिथंच समजून घेतलं. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची, उंचीला उंचीनं गुणायचं आणि त्या गुणाकारानं वजनाला भागायचं. बस. माणूस काय काम करतो, किती चालतो, रक्तात साखर किती, छातीत दम किती, यातलं काहीही त्यात नाही. बाई आहे की बाप्या, हेसुद्धा त्या भागाकाराला कळत नाही. आमच्या आडतीवर नुसत्या वजनावर तुरीचा भाव कुणी काढत नाही. पोत्यात परखीची नळी खुपसून दाणे तळहातावर घेतात, ओल बघतात, किडीचा डंख बघतात, मग भाव बोलतात. इथं पोतं न उघडताच माझ्या बायकोचा भाव ठरला होता.

"लग्नात हिला उचलून बोहल्यावर न्यायची ऐपत न्हवती कुनाची," मेहुण्यानं वातावरण हलकं करायला म्हणून थट्टा केली. "दाजी, तुमी बरं हाडकुळं राहिलाव. कंपनीला असंच गिऱ्हाईक आवडतं."

कुणी हसलं नाही. बायको पदराला हात पुसत उठली. "त्यो जादा पैसा द्यायचा न्हाय," ती म्हणाली. "माझं नाव काढून टाक. तुझ्या दाजींचं तेवढं राहू दे. मला काय हुतंय?"

मला राग आला तो इथं. पैशाचा नव्हे. तीन हजार तीनशे पन्नास मी कुठूनही काढले असते. राग आला तो तिनं ज्या आवाजात ते सांगितलं त्याचा. ही बाई पहाटे पाचला उठते. दोन म्हशींचं शेण काढते, धार काढते, दूध घालून येते, मग माझा डबा करते आणि दहाच्या आत शेतात जाऊन भाजीच्या वाफ्यांत वाकते. सव्वीस वर्षांत बाळंतपणं सोडली तर तिला मी दवाखान्यात नेल्याचं आठवत नाही. आणि एका मोबाइलनं लाल ठिपका दाखवला म्हणून ती स्वतःचं नाव काढून टाका म्हणत होती, जणू काही चोरी पकडली गेली होती.

"नाव निघणार नाही," मी म्हणालो. मेहुण्याला सांगितलं की येळवस होऊ दे, मग बघू.

त्या रात्री ती अर्धी भाकर खाऊन उठली. सोमवारीही तसंच. मी विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाय." शेजारची बाई आली होती, तिला मात्र हसत सांगत होती, "आमच्या भावानं मला मशिनीत लठ्ठ काढलंय बघा." शेजारीणही हसली. मी बाहेर ओट्यावर पेपर वाचत होतो. पेपर घडी घालून ठेवला आणि त्या मोबाइलला, त्या कंपनीला आणि तो भागाकार शोधून काढणाऱ्याला मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

येळवशीला आमच्याकडं आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावरून शेतात न्यायचा रिवाज आहे. गाडीवर नेत नाहीत. भज्जीची मिश्र भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, खिचडा हे सगळं मेहुण्याच्या मोटारसायकलवरून सासूबाईंबरोबर पुढं गेलं. बिंदगं बायकोच्या डोक्यावर. भरलेलं बिंदगं दहा-बारा किलोच्या खाली नसतं. शेत आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर आणि शेवटचा तुकडा चढाचा. मी सोबत चालत होतो, माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली.

चढ लागला तसा मी मागं पडलो. गेलं वर्षभर असंच होत होतं. तहान फार लागायची, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागायचं, जिना चढला की थांबावं लागायचं. वय झालं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या दिवशी बाटली चढाच्या मध्यावरच संपली. बायको वर पोचली, बिंदगं डोक्यावर तसंच ठेवून वळली आणि उभी राहिली.

"या सावकाश," ती वरून म्हणाली. "आंबिल काय पळून जात न्हाय."

ती लठ्ठ, मी हिरवा ठिपका.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. भावकीतली चार माणसं जेवायला होती, ती जेवून आपापल्या शेताकडं गेली. बायकोनं सगळ्यांना वाढलं. स्वतःच्या ताटात तिनं थोडी भज्जी घेतली आणि उंड्याला हात लावला नाही. वर्षातून एकदा होणारा बाजरीचा उंडा, जो ती एरवी दोन खाते. सासूबाईंच्या ते लक्षात आलं.

"का गं, उंडा का घीनास?"

"नगं. जाड झालीय मी."

जेवणं उरकली, ऊन कलायला लागलं, भांडी आवरून आम्ही दोघं खोपीपुढं उभे होतो. मेहुणा बसल्या जागेवरून जमिनीकडं बघत होता. तिथं आमच्या दोघांच्या सावल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी पाच आठ, अक्का पाच. आठ इंचाचा फरक. मग सावलीत दोघं सारखंच कसं दिसाय लागलाव?"

मी खाली बघितलं. सावल्यांत चार बोटांचाही फरक नव्हता. सव्वीस वर्षं मी या बाईबरोबर राहतोय. पण ती कायम वाकलेली किंवा पदर घेऊन दोन पावलं मागं, आणि मला लिहिलेल्या आकड्यावर शंका घ्यायची सवय नाही.

सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मग म्हणाल्या, "आवो जावईबापू, तुमच्या मामांनीच सांगितलेलं की. बघायला आलाव तवा म्हनाले, पोरगी पोराच्या खांद्याला लागली पायजे, तरच जोडा शोभतो. आमचे मालक म्हनाले, मग पोरीची पाच फूट लिवा. तुमचे मामा म्हनाले, मग पोराची पाच आठ लिवा. दोघांनी चहा पिला, सुपारी फुटली."

"म्हणजे मोजली कुणीच नाही?"

"लग्नात कोन मोजतं बाबा? सांगायची असती."

घरी आल्यावर मी शिवणाच्या डब्यातला टेप काढला. चप्पल काढून, पाठ भिंतीला लावून, डोक्यावर पट्टी आडवी धरून मोजलं. बायकोचा अंबाडा पट्टीला अडत होता, तो मी सोडायला लावला, नाहीतर मेहुणा उद्या म्हणाला असता की अंबाड्याची उंची धरली. पाच फूट तीन इंच. दोनदा मोजलं. मग तिनं माझी मोजली. पाच फूट पाच.

मेहुण्यानं नवे आकडे भरले. बायकोचा बीएमआय अठ्ठावीस पूर्णांक नऊ. लाल ठिपका गेला, पिवळा आला. माझा वीस पूर्णांक आठचा बावीस पूर्णांक सात झाला, पण ठिपका हिरवाच.

"अक्का, सुटलीस!" मेहुणा टाळी वाजवून म्हणाला. "जादा पैसा गेला. तीन इंचात काम झालं."

त्याला वाटलं मी खूश होईन. मी त्या आठवड्यात सगळ्यात जास्त भडकलो तो त्या वेळी. आवाज चढला, शेजारी ऐकू गेला असणार.

"सकाळी ती लठ्ठ होती, संध्याकाळी नाही," मी म्हणालो. "मधल्या वेळात तिचा एक तोळा कमी झालेला नाही. दोन म्हाताऱ्यांनी चहा पिताना मारलेली थाप तुमच्या कंपनीनं सव्वीस वर्षांनी वसूल करायला काढली होती, आणि या बाईनं त्यापायी पाच दिवस जेवण टाकलं. आणि हे तुमचं माप. याच्यावर तुम्ही कुणाला आजारी ठरवता, कुणाला धडधाकट."

"दाजी, कंपनीचा नियम हाय. मी काय करनार?"

"तू करणार. दोघांच्या तपासण्या लाव."

"आता कशाला?" बायको म्हणाली. "झालं की आता."

"दाजी, उगं कशाला वडवून घेताव?" मेहुणा म्हणाला. "हिरव्या ठिपक्याला कंपनी तपासणी मागत न्हाय."

तेच तर मला सहन होत नव्हतं. तिला माप लावलं, मला सूट दिली. चढावर कोण मागं पडलं होतं ते मी विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही उमरग्याला गेलो. लॅबमध्ये दोघांचं रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन एका डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी आधी दोघांचा रक्तदाब बघितला, कमरेला टेप लावला, मग रिपोर्ट वाचले. बायकोची साखर व्यवस्थित, चरबी व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर सात पूर्णांक नऊ. रक्तदाब दीडशेच्या वर.

"तुम्हाला मधुमेह आहे," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "बरेच महिने असणार."

मी त्यांना बीएमआयचं सांगितलं. मला वाटलं त्या माझ्या बाजूनं बोलतील. त्या अर्ध्याच बोलल्या. म्हणाल्या, हजार माणसं रांगेत उभी केली तर त्यातून अंदाज काढायला ते माप बरं आहे. एका माणसाबद्दल ते फार थोडं सांगतं. स्नायू किती आणि चरबी किती ते त्याला कळत नाही, चरबी कुठं साठली तेही कळत नाही. आपल्याकडं हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं अशी माणसं खूप असतात, आणि त्यांना ते माप नॉर्मल म्हणतं. मग बायकोकडं वळून म्हणाल्या, "तरीपण ताई, तुम्ही पाच-सहा किलो कमी केलंत तर गुडघे पुढं त्रास देणार नाहीत. पण उपाशी राहून नाही."

बायकोनं मान हलवली. बाहेर आल्यावर ती स्टँडवर एसटीची वाट बघत बाकावर बसली. तिनं पिशवीतून शिळा बाजरीचा उंडा काढला, दोन तुकडे केले, माझ्याकडं एक पुढं केला आणि मागं घेतला.

"तुमाला चालंल का आता?"

"अर्धा चालेल," मी म्हणालो.

"मग तुमचं नाव काढायचं का विम्यातनं?"

ती हसत नव्हती. गेला आठवडाभर तिच्या मनात काय चाललं होतं ते मला त्या एका प्रश्नात कळलं. मी तुकडा घेतला आणि खाल्ला.

मेहुणा रात्री घरी आला. रिपोर्ट बघून त्यानं ते घडी घालून पाकिटात परत ठेवले. मग हळूच म्हणाला, "दाजी, रिपोर्ट आपल्या घरातच हाय. तुमचा ठिपका हिरवा हाय. काय लिवू नका. कोन इचारतंय?"

"मी विचारतोय," मी म्हणालो. "उद्या मला काही झालं तर कंपनी हेच कागद काढून पैसे नाकारेल. आणि ते सोडून दिलं, तरी एकदा खोटं माप लिहून काय होतं ते आपण आत्ताच बघितलंय."

खरी उंची, खरं वजन, खरी साखर, खरा रक्तदाब, सगळं लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं. बायकोच्या नावावर जादा काही नाही. माझ्या नावावर तीस टक्के जादा, म्हणजे चार हजार पाचशे साठ, आणि साखरेशी संबंधित आजारांना पहिली काही वर्षं भरपाई नाही. हे पैसे देताना मला राग आला नाही. हे रक्त बघून ठरलं होतं.

राग अजून आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्या घरात मेहुणा एजंट नाही, ज्या घरात भिंतीला पाठ लावून कुणी मोजत नाही, तिथली बाई आजही आपलं नाव काढून टाका म्हणत असेल, आणि तिचा हाडकुळा नवरा हिरव्या ठिपक्याखाली पाणी पीत बसला असेल.

शेवटी दिलेले पैसे असे. उमरग्याच्या लॅबला दोघांचे दोन हजार चारशे. डॉक्टरबाईंना सहाशे. विमा कंपनीला मेहुण्यामार्फत तेहतीस हजार एकशे साठ, त्यातले जादाचे चार हजार पाचशे साठ माझे. बायकोचे तेरा हजार चारशे, जेवढे पहिल्या दिवशी पाकिटात होते तेवढेच.