साहेबाच्या उजव्या हाताला

अख्ख्या अमिरातीत युरोपातल्या मेलेल्या राजांशी रोज भांडणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा मामा होता. राहायला अजमानला, नोकरी रास अल खोरच्या एका छापखान्यात; तिथे तो बिस्किटांच्या खोक्यांसाठी ऑफसेटच्या प्लेटा बनवायचा. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबानं त्याला तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कोरीव चित्रांचं जाडजूड पुस्तक देऊन टाकलं आणि मामा कामातून गेला. पानोपानी सिंहासनावर राजा, बाजूला तराजू घेतलेली न्यायदेवता, जहाजाचा नांगर धरलेली आशा, आणि पायाखाली चिरडलेलं एखादं पाप. "चेहरे बघू नकोस, पाय बघ. कोण कुणावर उभा आहे ते बघ," असं मामा भिंग माझ्या डोळ्याला लावून सांगायचा. "हा राजा एक नंबरचा हलकट असणार. पण देवदूत छत्री धरून उभे! कोरणाऱ्याला घरभाडं भरायचं होतं, दुसरं काय?"

जगाच्या शेवटच्या निवाड्याच्या चित्रात देवाच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक, हा नियम त्याला तोंडपाठ होता. तो त्यानं ऑफिसच्या ग्रुप फोटोलाही लावला. स्वतः मात्र प्रत्येक फोटोत साहेबाच्या डावीकडे, टोकाला, डोळे मिटलेला. एका गणपतीत त्यानं आरतीच्या कागदामागे माझ्या बाबांना 'लोभ' म्हणून काढलं, पाठीवर पोतं देऊन. बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आईनं मात्र तो कागद कपाटात जपून ठेवला.

मग छापखान्यात नवा मॅनेजर आला, प्लेटा कॉम्प्युटरवर निघणार असं ठरलं. निम्मा विभाग जाणार होता, आणि नोकरी गेली की व्हिसा खलास, अजमानचं घर खलास. तेव्हा आयुष्यभर राजांच्या खुशामतखोरांना हसलेल्या माझ्या मामानं तांब्याचा पत्रा आणला आणि तीन महिने रोज संध्याकाळी कोरत बसला. मधोमध सिंहासनावर मॅनेजर, खाली त्याचं नाव, त्याच्या डाव्या हाताला साखळदंडातले आळस आणि कलह, आणि उजव्या हाताला, देवदूतांच्या रांगेत, हात जोडून गुडघ्यावर मामा.

जाणाऱ्यांची यादी शनिवारी लागणार होती. गुरुवारी त्यानं मामीच्या पोळपाटावर पत्रा ठेवला, शाई भरून पुसली, ओला कागद घातला आणि लाटण्यानं दाबला. कागद उचलला तर सगळं उलटं. मॅनेजरचं नाव उलटं, साखळदंडवाले त्याच्या उजव्या हाताला, आणि मामा डाव्या, नरकाच्या बाजूला.

"वीस वर्षं ऑफसेटच्या सरळ प्लेटा केल्या रे," मामा म्हणाला. "तांब्यावर उलटं कोरायचं असतं. हात सवयीनं सरळच चालला."

"मामा, जस्ट मेक अनदर वन," मी म्हटलं.

"नको, हबीबी." तो आधी हसला, मग चष्मा पुसत राहिला. "मी लाचार झालो, हात नाही झाला. राहू दे."

मामी पोळपाट घासायला घेऊन गेली. चित्र कुणाला दिलं गेलं नाही. शनिवारच्या यादीत मामाचं नाव होतं. महिन्याभरात मामा-मामी नाशिकला गेले, आणि मामा चारच वर्षं जगला. मला त्याची फार आठवण येते.

ते चित्र आता माझ्या दुबई मरीनाच्या फ्लॅटमध्ये आहे. घरी येणारे म्हणतात, उजेडात, हॉलमध्ये लाव. मी ते मुद्दाम आतल्या अरुंद पॅसेजमध्ये लावलंय, आरशासमोर. रोज ऑफिसला निघताना मी आरशात बघतो. तिथे मामा साहेबाच्या उजव्या हाताला असतो.